लिंबूटिंबू

भाऊबीज आटोपते, पाहुण्यांतले निम्मे परतीच्या एस्टीला लागतात, फराळाच्या डब्यांत चिवड्याचा तळ दिसू लागतो, आणि आमच्या घरी आवळीभोजनाचे वेध लागतात. कार्तिक शुद्ध नवमीपासून पुनवेपर्यंत एखादा सोयीचा दिवस धरून आवळीच्या झाडाखाली पंगत मांडायची, ही चाल आपल्याकडे फार जुनी. आमच्या परसात विहिरीच्या अंगाला एक आवळी आहे. तिच्या बुंध्याला हळदकुंकू वाहून झाले, की जरा पलीकडे तीन दगडांची चूल पेटते. मसालेभाताचे मोठे पातेले चढते, शेजारच्या चुलीवर पिठले रटरटू लागते, ताज्या आवळ्यांची कोशिंबीर होते. आणि हे सारे होईपर्यंत भुकेल्या पोरांना चुलीपासून दूर कसे ठेवावे, या प्रश्नाचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले उत्तर म्हणजे खेळ. परसापलीकडे एक जुने खळे आहे. मळणीयंत्र आल्यापासून त्या खळ्याला दुसरे काम उरलेले नाही. वर्षातून एकदा पोरांच्या पायांखाली ते पुन्हा तुडवले जाते एवढेच.

गेल्या वर्षीची गोष्ट. लगोरी ठरली. सात चपट्या खापऱ्या एकावर एक रचल्या गेल्या, रबरी चेंडू आला, दोघे मोठे पुतणे पुढारी झाले आणि एकेक भिडू मागू लागले. चपळ पोरे आधी गेली, मग मध्यम, मग मुंबईहून आलेली आणि अनवाणी चालायला भिणारी. शेवटी माझी सहा वर्षांची धाकटी तेवढी उरली. "ती लिंबूटिंबू," थोरल्या पुतण्याने निकाल दिला आणि डाव सुरू झाला.

हा शब्द कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. कोठे 'कच्चा लिंबू' म्हणतात, कोठे 'लिंबूटिंबू'. जो फार लहान आहे त्याला खेळात घ्यायचे, पळू द्यायचे, ओरडू द्यायचे. पण तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही, त्याच्यावर राज्य आले तरी द्यायचे नाही. कोणत्याही पुस्तकात हा नियम लिहिलेला नाही आणि तरी तो गावोगावच्या पोरांना ठाऊक असतो. एरवी एकमेकांच्या झिंज्या उपटणारी ही जात आपल्यातल्या धाकट्यासाठी आपण होऊन एवढी माया दाखवते, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले होते. वर्गात मी त्याचे उदाहरणही देत असे.

दहा मिनिटांनी धाकटी रडत चुलीपाशी आली.

"कुणी मारलं का गं?"

"नाही."

"खेळायला घेत नाहीत?"

"घेतलंय."

"मग?"

"मला चेंडू लागला."

"फार लागला का?"

"नाही हो बाबा! चेंडू लागला तरी मला कुणी बादच करत नाही!"

चुलीभोवतालच्या साऱ्या बायका हसल्या. मीही हसलो. बाद होता येत नाही म्हणून रडणारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते. परंतु हसता हसताच मला त्याच खळ्यातली, पस्तीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली आणि हसू आवरते घ्यावे लागले.

माझा एक चुलतभाऊ आहे. आम्ही त्याला बापू म्हणतो. तो दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि डावा पाय कायमचा वाळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली भारतासह सारा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर केले. आजच्या पोरांना तो पाय पुस्तकातल्या चित्रातच पाहायला मिळेल, ही केवढी भाग्याची गोष्ट! पण आमच्या लहानपणी गावात असे दोन-तीन तरी पाय होते. बापू डाव्या गुडघ्यावर हात दाबून चाले.

आम्ही त्याला कधी चिडवले नाही. हे मी अभिमानाने सांगत असे. चिडवणाऱ्या परगल्लीतल्या पोराला आमच्यातल्या एकाने बदडूनही काढले होते. आवळीभोजनाच्या दिवशी खेळ सुरू झाला, की आम्ही बापूला मानाने पंच करीत असू. सगळ्यांचे सदरे नि चपला त्याच्या ताब्यात. मधून मधून चुलीतले लाकूड पुढे सारायचे कामही त्याचेच. "पोरं किती समजूतदार आहेत!" असे मोठी माणसे म्हणत, आणि ते आमच्या कानांवर पडेल अशा बेताने म्हणत. आमच्यात एक न बोललेला करारही होता. बापू असला की लंगडी खेळायची नाही. खेळायची तर नाहीच, पण तो शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. एखादा चुकून "चला, लंग..." एवढे बोलला, तर बाकीच्यांचे डोळे त्याला गप्प करीत.

त्या वर्षी भात लवकर शिजेना. लाकडे ओली होती. हुतूतू झाला, आट्यापाट्या झाल्या, पोरे कंटाळून चुलीभोवती घुटमळू लागली. आजी भाकरी थापीत होती. ती वैतागून म्हणाली, "हितं धुरात काय करताय रं? जावा की, लंगडी घाला!"

सगळे एकदम चूप झाले. काकूने आजीकडे एक नजर टाकली. आजीच्या ध्यानात काही आलेच नाही. "काय झालं? पोरांना लंगडी येत न्हाई व्हय आताच्या?"

आमच्यातला थोरला शहाणा हलक्या आवाजात म्हणाला, "आजी, बापू आहे ना..."

"मग? त्याला इचारलंय का कुणी?"

कोणीच विचारले नव्हते. बापू तोवर उठून खळ्याकडे निघालाही होता.

लंगडी घालायला एकच पाय लागतो, ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. बापू घरात काठीवाचून हवे तेथे जाई तो उजव्या पायावर उड्या मारीतच. अंथरुणापासून न्हाणीपर्यंत, ओट्यापासून विहिरीपर्यंत. आम्ही हे रोज पाहत होतो. चौकोन आखला गेला, बापू आत उतरला आणि पाय न टेकता त्याने आमच्यातल्या पाचांना टिपले. आमचा दम तीन उड्यांत जाई. त्याचा जातच नव्हता. मग डाव उलटला. आता लंगडी घालणारे आम्ही आणि पळणारा तो. तो पहिल्याच फेरीत बाद झाला. बाद होऊन आवळीखाली येऊन बसला, आणि पाच जणांना टिपताना त्याच्या तोंडावर जो आनंद नव्हता तो मी तेव्हा पाहिला.

त्या आनंदाचा अर्थ मला फार उशिरा कळला. काही वर्षांपूर्वी दिवाळीतच, रात्री ओसरीवर पान लावता लावता बापू सहज बोलून गेला. "तुम्ही मला कधी वाईट वागवलं नाहीत. उलट, फार जपलंत. पण तुला आठवतं का, मी पंच असताना माझा निकाल चुकला तरी कोणी माझ्याशी भांडत नसे? एकमेकांच्या उरावर बसायचात, पण मी म्हणेन ते मुकाट्यानं ऐकायचात. मला वाटायचं, एकदा तरी कुणी यावं आणि म्हणावं, बापू, तू खोटारडा आहेस!"

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळेच ते मला अधिक लागले. ज्या वागण्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटीत आलो होतो, त्याच वागण्याने आम्ही त्याला खेळाच्या रेषेबाहेर बसवले होते. आणि क्रूरपणाने बसवले असते तर त्याला निदान रडता तरी आले असते, भांडता आले असते. दयेशी भांडायचे कसे?

प्रश्न असा आहे. जो दुबळा आहे त्याच्याशी आपण दयेने वागावे की न्यायाने? 'दोन्हींनी' हे उत्तर ओठांवर तयार असते. परंतु खळ्यात उतरले की दोन्ही एकाच वेळी करता येत नाहीत, हे लगोरीच्या एका डावात कळते. चेंडू लागला. आता बाद म्हणायचे की नाही?

आपल्या खेळांनी या प्रश्नाचा विचार आपल्यापेक्षा बारकाईने केलेला आहे. कबड्डी, म्हणजे आपला हुतूतू, पूर्वी तीन प्रकारांनी खेळला जाई. 'गामिनी'त एकदा बाद झालेला गडी संघातले सगळे बाद होईपर्यंत बाहेरच बसे. 'अमर'मध्ये कोणी बाहेर जातच नसे. गडी मारला गेला की समोरच्यांना गुण मिळे आणि गडी जागच्या जागी खेळत राही. 'संजीवनी'त मात्र बाद झालेला बाहेर जातो, आणि त्याच्या भिडूंनी समोरचा एक गडी बाद केला की परत आत येतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जगाला दाखवला, १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत त्याला स्थान मिळाले. आणि आज जो रूढ आहे तो संजीवनीच्या वळणाचा. मला हे उगीच घडले असे वाटत नाही. गामिनी न्यायी आहे, पण कठोर आहे. अमर दयाळू आहे, पण तेथे पडण्याची धग अंगाला लागत नाही. संजीवनीत पडणे खरे आहे आणि उठणेही खरे आहे. शिवाय ते उठणे कोणाच्या कीव करण्यावर टांगलेले नाही. ते भिडूच्या पराक्रमावर आहे. मी बाहेर बसलेलो असताना माझा कोणी तरी माझ्यासाठी आत झुंजतो आहे, या भावनेत जे बळ आहे ते "असू दे, तुला बाद धरीत नाही" या शब्दांत कोठून येणार?

भागवताच्या दशमस्कंधात गोपाळांच्या खेळाची एक कथा आहे. हरलेल्याने जिंकलेल्याला पाठीवर घेऊन वडाच्या झाडापर्यंत न्यायचे, असा पण होता. त्या दिवशी कृष्णाची बाजू हरली. श्रीदाम्याला पाठीवर घेऊन कृष्ण चालू लागला. पुढे प्रलंबासुराचा वध वगैरे आहे, आणि कीर्तनकार तेथे रंगतात. मला मात्र नेहमी श्रीदाम्याचे नवल वाटते. देवाच्या पाठीवर बसताना तो अवघडला असेल का? मला वाटते, मुळीच नाही. कारण खेळात समोरचा देव आहे हे त्याच्या गावीही नसावे. नामदेव-एकनाथ-तुकोबांनी हमामा, हुतूतू, चेंडूफळी यांवर अभंग रचले. देवाशी खेळायचे तर देवालाही राज्य घ्यावे लागते, ही समजूत आमच्या संतांच्या अंगवळणी पडलेली होती. ज्याच्याशी आपण खरोखर खेळतो त्याला आपण बरोबरीचा मानतो, मग तो कितीही मोठा असो अथवा कितीही लहान.

येथे कोणी म्हणेल, आणि आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी म्हटलेही, "गुरुजी, हे कागदावर ठीक आहे. चार वर्षांच्या पोराला दहा वेळा बाद केलेत तर ते अकराव्यांदा खेळायलाच येणार नाही. मग तुमचा न्याय घेऊन काय करायचे?" आक्षेप खरा आहे. लिंबूटिंबूची चाल वाईट आहे असे मला म्हणायचेच नाही. उंबरठा ओलांडून घरात यायचे असते. पण उंबरठा घरालाच असतो, तो रस्त्यात कोणी बांधीत नाही. लिंबूटिंबू हा खेळाचा उंबरठा आहे. धाकट्याने त्यावर थोडा वेळ बसावे, पळणारे पाय पाहावेत, चेंडूची भीती मोडावी आणि आत यावे. दोष उंबरठ्याचा नाही. एखाद्याला जन्मभर त्याच्यावरच बसवून ठेवण्याचा आहे. लिंबू कच्चा असतो तो पिकण्यासाठी.

जीन पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या नीतिबुद्धीवरचे आपले पुस्तक १९३२ साली प्रसिद्ध केले. त्यासाठी तो जिनिव्हा आणि न्यूशातेल येथल्या पोरांबरोबर गोट्या खेळत बसला होता! त्याला असे आढळले, की लहान मुलांना खेळाचा नियम वडिलधाऱ्यांकडून आलेला, पवित्र आणि अचल वाटतो. मोठी होता होता त्यांना उमगते, की नियम आपणच आपसांत ठरवलेला असतो, आणि सगळ्यांना पटले तर तो बदलताही येतो. नीतीतले प्रौढपण ते हेच. आम्ही बापूच्या बाबतीत त्या अर्थाने लहानच राहिलो. नियम तोच ठेवून त्याला त्यातून 'सूट' दिली. सगळ्यांनी मिळून दुसरा खेळ निवडावा, रेषा जरा जवळ आखावी, एवढे करायला आजीची लागलेली भूक कारणी पडली.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिल येथल्या रुग्णालयात लुडविग गुटमन या डॉक्टरांनी युद्धात पाठीचा कणा दुखावलेल्या सोळा जणांची चाकांच्या खुर्च्यांतून तिरंदाजीची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिंपिकचे बीज ते. डॉक्टरांनी त्या सोळा जणांना टाळ्या आणि बिस्किटे देऊन परत खाटेवर निजवले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी स्पर्धा लावली. म्हणजे कोणी तरी हरणार हेही कबूल केले. पुढे १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले, ते पॅरालिंपिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदक. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेला हा जवान. ते पदक कोणी त्यांची कणव येऊन दिले असते, तर त्याचे वजन किती भरले असते?

हे सगळे लिहिताना मला माझ्या टेबलावरच्या निबंधाच्या वह्या आठवतात. हुशार मुलांच्या वह्या माझ्या लाल शाईने भरलेल्या असतात. येथे विशेषण चुकले, येथे वाक्य लंगडे झाले, हा विचार अर्धवट राहिला. आणि शेवटच्या बाकावरच्या एका मुलाच्या वहीत सहा महिने मी प्रत्येक निबंधाखाली फक्त 'छान' लिहीत आलो होतो. घरची परिस्थिती बिकट, मुलगा गरीब, कशाला त्याला दुखवा? एका रात्री दोन वह्या शेजारी शेजारी उघड्या पडल्या, तेव्हा मला दिसले की माझ्या वर्गातही एक लिंबूटिंबू आहे आणि तो मी केलेला आहे. 'छान' याचा अर्थ 'तुझ्याकडून काही अपेक्षा नाही' असा होत होता. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वहीत लाल शाई उतरू लागली. पहिल्या आठवड्यात त्याचा चेहरा पडला, हेही खरेच सांगितले पाहिजे. पुढच्या निबंधात मात्र खाडाखोड होती. माझी नव्हे, त्याची.

आणि घरात? घरातले लिंबूटिंबू तर आपण मोजीतच नाही. वडील पंच्याऐंशीच्या घरात आहेत. ते काही बोलले आणि ते पटले नाही, तर पूर्वी मी वाद घाली. आवाज चढत, जेवणे लांबत. हल्ली मी गप्प बसतो आणि आत जाऊन बायकोला म्हणतो, "जाऊ दे, त्यांचं काय मनावर घ्यायचं!" हे बोलणे शहाणपणाचे वाटते, पण नीट ऐकले तर ती पुतण्याचीच आरोळी आहे: "ते लिंबूटिंबू!" त्यांचा शब्द यापुढे डावात धरायचा नाही, असे आम्ही त्यांना न विचारता ठरवून टाकले. म्हातारपणी माणसाला ऐकू कमी येते. पण आपले बोलणे आता कोणी खोडून काढीत नाही ही शांतता त्याला बरोबर ऐकू येते.

चुलीपाशी बसणाऱ्यांची कथा आणखीच निराळी. त्यांना लिंबूटिंबू म्हणूनदेखील कोणी खेळात घेतलेले नाही. गेल्या वर्षी धाकटीचे डोळे पुसता पुसता मी सहज काकूला म्हटले, "काकू, तुम्ही लहानपणी काय खेळायचात?" पिठल्यात डाव फिरवीत काकू म्हणाली, "मी? खो-खो. शाळेकडून तालुक्याला गेले होते." गेली चाळीस वर्षे ही बाई दर आवळीभोजनाला आमच्या खळ्याकडे पाठ करून बसत आली होती. धाकट्या भावाने तिच्या हातातला डाव काढून घेतला. काकू नको नको म्हणाली, पदर खोचला, आणि खळ्यात जाऊन बसलेल्या पोरीच्या पाठीवर हात मारून असा खणखणीत 'खो' दिला की मुंबईची पोरे दचकली. इकडे पिठले करपले. ते आम्ही सगळ्यांनी खाल्ले, आणि भावाला बाद धरले.

तेव्हा माझ्यापुरते मी दोन साधे प्रश्न ठरवले आहेत. कोणाला सूट देण्याची वेळ आली की ते स्वतःला विचारतो. पहिला, या सवलतीला मुदत आहे का? आणि दुसरा, आजीचा: त्याला विचारले आहे का कोणी? दोन्हींची उत्तरे 'हो' असतील तर ती माया. नसतील तर ती मायेच्या सदऱ्यातली दुसरीच कसली तरी वस्तू. बहुधा आपल्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून केलेली सोय.

पण ठरवणे सोपे असते. त्याच दुपारी माझी परीक्षा झाली, ती सांगून थांबतो.

जेवणे झाल्यावर डबा ऐसपैसचा बेत ठरला. धाकटीने जाहीर केले की ती लिंबूटिंबू नाही. पुतण्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. हात उलटसुलट टाकून एकेक जण सुटू लागला आणि नेमके राज्य तिच्यावरच आले. आपल्या भाषेत गंमत आहे. ज्याचे हाल व्हायचे त्याच्यावर 'राज्य' येते. थोरल्याने डबा भिरकावला तो पार विहिरीपलीकडे. ती धावत जाऊन तो घेऊन येईतो सारे लपले. मी कडब्याच्या गंजीमागे होतो.

एकदा तिने चुकीचे नाव घेतले. पोरांनी सदरे बदलले होते. राज्य पुन्हा तिच्यावरच. दुसऱ्यांदा डबा उडवला गेला. राज्य पुन्हा तिच्यावरच. गंजीच्या फटीतून मला तिचा चेहरा दिसत होता. ओठ थरथरत होते. आता ती रडणार, डबा टाकून आईकडे जाणार, आणि पुढच्या वर्षी खेळायला येणारच नाही. सहकाऱ्यांचे शब्द मला आठवले. सगळा निबंध, सगळे पियाजे, सगळे संत एका बाजूला आणि ते थरथरणारे ओठ दुसऱ्या बाजूला. मी हळूच गंजीबाहेर एक कोपर काढले.

तिने ते पाहिले. डब्यावर पाय ठेवून ती क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, कोपर आत घ्या. दिसतंय."

आणि पाठ फिरवून ती विहिरीकडे शोधायला गेली.

मी कोपर आत घेतले.